उजवा दिवा

"वैनी, हिच्यात काय बी खोट न्हाय." दस्तगीर मिस्त्री जीपच्या मागनं उठला आणि गुडघ्याची माती झाडत म्हणाला, "दोन्ही बल्ब काढून बघितले. फ्लॅशर बदलून बघितला. अर्थिंगची तार घासून परत आवळली. दांडी खाली केली की दिवा लागतो, सरळ केली की जातो. ह्यापरीस जास्त काय करायचं असतंय?"

"आपोआप लागतो का ते बघा म्हणलं होतं मी."

"आपोआप कसा लागंल, वैनी? ब्रेक दाबून बघितला, हॉर्न मारून बघितला, हेडलाईट लावून बघितली. हाताशिवाय उजवा इंडिकेटर लागत न्हाय."

"परत एकदा बघा."

मिस्त्री भला माणूस. तालुक्याहून घाट चढून आला होता, आणि माझ्या तोंडी लागायचं नाही एवढी अक्कल त्याला होती. त्यानं निमूट परत सगळं केलं. मी मागं उभी राहून डोळ्यात तेल घालून बघत होते. लागला, गेला. लागला, गेला. ज्या वेळी लागायचा त्याच वेळी लागत होता मेला.

हत्यारं पिशवीत भरून मिस्त्री ओट्याकडं वळला. "नाना, तुमच्या म्होरचा एक बारका बल्ब तेवढा गेलाय, इंडिकेटर चालू हाय का बंद ते दावणारा. त्यो पुढच्या खेपंला आणतो. बाकी गाडी निर्दोष हाय."

त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण चांगली बातमी दिली. ओट्यावर बसलेल्या आमच्या मालकांनी नुसती मान हलवली आणि उजवा हात मांडीखाली घातला. गाडी निर्दोष म्हटल्यावर दोषी कोण, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

आमचं गाव वाघजाईवाडी. डोंगरमाथ्याच्या सड्यावरचं गाव, घाट उतरल्याशिवाय ना दवाखाना ना बाजार. आमची जीप वडापला होती. म्हणजे गावातली माणसं भरायची, तालुक्याला सोडायची, संध्याकाळी परत आणायची. कागदावर किती माणसं बसवायची ते कागदालाच ठाऊक. आमच्या जीपमध्ये एकाच्या मांडीवर दुसरा असायचा आणि तरी मागं दोघं लोंबकळायचे. मालकांचं नाव हिंदुराव. आता नाव घ्यायला लाजायचं माझं वय राहिलं नाही. गाव त्यांना नाना म्हणायचं, आणि घाटात नाना पुढं असले की मागचा गाडीवाला निर्धास्त असायचा.

त्याला कारण होतं. आमचा घाट अरुंद. वळणापलीकडचं पुढच्या गाडीवाल्याला दिसतं, मागच्याला दिसत नाही. म्हणून पुढच्यानं बघायचं आणि समोरनं कुणी येत नसलं तर उजवा इंडिकेटर मारायचा. त्याचा अर्थ, रस्ता मोकळा आहे, ये पुढं. ह्याला साईड देणं म्हणतात. पुस्तकात त्या दिव्याचा अर्थ 'मी उजवीकडं वळतोय' असा असेल, पण घाटात पुस्तक कोण उघडतंय. मागच्यानं दिव्यावर विश्वास टाकायचा आणि गाडी काढायची, हीच आमच्याकडची रीत.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, जीप गच्च भरून घाट उतरत होती. मागं मोटरसायकलवर आत्माराम सुतार होता. पिंपरणीच्या वळणावर त्याला आमच्या जीपचा उजवा दिवा लुकलुकताना दिसला. त्यानं गाडी रेटली, आणि वळणावरनं दुधाचा टेम्पो वर आला. आत्माराम गटारात, मोटरसायकल टेम्पोखाली. पाय मोडला, खुबा निखळला, पण जीव वाचला. वाघजाईची मी खणानारळानं ओटी भरली ती त्याच्यासाठीच.

शुद्धीवर आल्यावर तो एवढंच बोलला, "हिंदूनं साईड दिली म्हणून मी गेलो."

आता आत्माराम म्हणजे कोण परका नव्हे. दोघं एका वर्गात नापास झालेले, एकाच मांडवात लग्नं लागलेली. त्याची बायको मालन आणि मी, आम्ही दोघी एकाच महिन्यात ह्या गावात सून म्हणून आलो, आणि सासवांच्या चुगल्या एकमेकींपाशी केल्या. हे धावत दवाखान्यात गेले. मी बरोबर होते.

"आत्म्या, मी साईड दिली न्हाय रं," हे म्हणाले. "समोर टेम्पो दिसत हुता मला. मी ब्रेक मारत हुतो. दिव्याला हातच लावला न्हाय."

"माज्या डोळ्यांनी बघितलाय मी. लुकलुकत हुता."

"आईशप्पत न्हाय लावला."

आत्मारामनं तोंड भिंतीकडं केलं. "हुतं चुकून, हिंदू. पर चुकलो म्हणायची तरी दानत ठेव," तो भिंतीला म्हणाला.

तिथनं सगळं बिघडलं. फौजदार आला, त्यानं दांडी खालीवर करून बघितली, दिवा नीट लागला, नीट गेला. म्हणजे नानांनी हातानंच साईड दिली आणि आता कबूल करत नाहीत, असं गावानं ठरवलं. भांडण कुणी केलं नाही. नुसतं जीपमध्ये बसायचं बंद केलं. सकाळी ह्यांनी गाडी नेहमीच्या जागी उभी करायची, हॉर्न द्यायचा, आणि आमच्याच आळीतल्या बायका पाटी डोक्यावर घेऊन जीपवरनं पुढं जायच्या, खालच्या वाडीच्या भरून आलेल्या गाडीत कोंबून घ्यायला. मालन तर माझ्याकडं बघायचीही नाही. पाण्याला गेले की हंडा अर्धा भरलेला तसाच उचलून निघून जायची.

मला त्याचं एवढं नव्हतं. गाव आज रुसतं, उद्या येतं. पण एका रात्री जेवताना ह्यांनी घास हातातच ठेवला.

"हौसा, लागला असंल हात," हे म्हणाले.

"कशाला?"

"दांडीला. इतकी वर्षं साईड देतोय. सवयीनं हात आपसूक गेला असंल आणि मला कळलं नसंल. आत्म्या कशाला खोटं बोलंल?"

"मग तुम्ही खोटं बोलताय व्हय?"

"मी खोटं न्हाय बोलत. पर माजा हातच मला ठावं नसंल, तर मी काय बोलतोय ह्याला काय किंमत?"

गावानं नाही म्हणलं तर माणूस उभा राहतो. स्वतःचा स्वतःवरचा विश्वास गेला की मग काही उरत नाही. त्या दिवसापासनं हे हात मांडीखाली घालून बसायला लागले. चहाचा कपही डाव्या हातानं घ्यायचे. आणि मग म्हणाले, जीप विकून टाकू, आता मी स्टिअरिंग धरणार नाही. मी म्हणलं, विका, पण आधी मिस्त्रीला दाखवू. मिस्त्री आला, त्यानं काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंच. दुसऱ्या दिवशी ह्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या एका गिऱ्हाइकाला निरोप धाडला. तो गुरुवारी दुपारी गाडी बघायला येतो म्हणाला.

बुधवारी मी म्हणलं, जायचीच आहे जीप तर निदान भात तरी गिरणीत टाकून या. पोती भरली. आतली जागा पोत्यांनी गेली, पुढच्या शिटावरही एक पोतं, अगदी मागच्या फळीवरही एक उभं केलं. मला बसायला जागा नाही, म्हणून मी मागनं चालत निघाले. गिरणी आमच्या उताराच्या तळाशी. हे उतारावर पाय दाबत, सोडत, दाबत चालले होते, जुन्या गाडीचा ब्रेक असाच मारावा लागतो. आणि मी बघते तर उजवा दिवा लुकलुकतोय.

माझं डोकंच फिरलं. उजवीकडं नुसता ओढा. ह्यांना झालंय काय?

"अवं, उजवीकडं कुठं निघालासा?" मी मागनं ओरडले.

गाडी थांबली. हे खाली उतरले. "काय झालं?"

"दिवा कशाला लावलाय?"

"कसला दिवा? मी हात बी लावला न्हाय."

म्हणेपर्यंत त्यांचा चेहरा पडला. उजवा हात त्यांनी समोर धरून असा बघितला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मी गाडीत डोकावले. दांडी सरळ होती.

"दांडी सरळ हाय," मी म्हणाले.

"मग ऊन पडलं असंल काचंवर. चल, गिरणीवाला वाट बघतोय."

गिरणीत पोती उतरवली, ओतली. मी ह्यांना जबरदस्तीनं परत आत बसवलं आणि ब्रेक दाबायला लावला. तांबडे दिवे लागले. पिवळा ढिम्म. दहा वेळा दाबायला लावला. ढिम्म.

"हौसा, बास कर," हे हळू आवाजात म्हणाले. "माज्यापायी तुला नसलेलं दिसाया लागलंय."

घरी येऊन मी शिलाई मशिनवर बसले. गावातल्या बायकांचे ब्लाऊज मी शिवायची, आणि त्या वेळी पाटलाच्या थोरल्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, कापडांचा ढीग पडलेला. पण सुईत दोरा जाईना. मला दिवा दिसला होता. मी काही खुळी नाही. मग दिसला कधी आणि गेला कधी? पोती होती तेव्हा दिसला. पोती उतरली, गेला. मिस्त्री आला तेव्हा गाडी रिकामी. फौजदार आला तेव्हा रिकामी. आणि पिंपरणीच्या वळणावर? तेव्हा जीप माणसांनी भरलेली होती. गेले कित्येक दिवस कुणी बसलंच नाही, तर दिवा लागणार कुठनं?

मी मशिनवरनं उठले ती तशीच आळीत गेले.

"उद्या सकाळी बाजाराला जायच्या आधी पाण्याच्या टाकीपाशी यायचं, आमच्या जीपमध्ये बसायचं," मी एकेका दारात सांगितलं.

"अगं बाई, नानांच्या गाडीत? नगं गं हौसाकाकी," पाटलाची सून म्हणाली.

"गाडी हलणार न्हाय. चाकाला धोंडे लावते. नुसतं बसायचं."

"नुसतं बसून काय करायचं?"

"ते मी बघते. आणि एक सांगते. जी बसणार न्हाय, तिनं लग्नाला जुनाच ब्लाऊज घालायचा. माझी मशिन बिघडलीय असं समजायचं."

बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी हसत नव्हते. पुढं सोपं गेलं. आणि खरं सांगायचं तर कुणाला बोलवायचं हेही मी नीट ठरवून बोलवलं होतं. गावातल्या प्रत्येकीचं माप मला तोंडपाठ. कुणाचं वजन किती भरेल हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. कुणाला राग येऊ नये म्हणून ते मी बोलले नाही एवढंच.

आता हे कसे येणार? त्यांना म्हणलं, गिऱ्हाईक येणार, गाडी धुळीनं भरलीय, टाकीपाशी नेऊन धुवा. टाकी आत्मारामच्या घरासमोर, तिथं जायचं म्हणून ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण दुसरीकडं नळ नाही. गुरुवारी सकाळी ह्यांनी जीप नेऊन उभी केली, बादली घेतली, आणि बघतात तर चारी बाजूंनी बायका.

"हे काय?"

"बसा आत," मी म्हणाले.

"हौसा, तमाशा मांडलायस व्हय?"

"मांडलाय. आत बसा आणि मी सांगेन तेव्हा ब्रेक दाबा."

मी चाकांना धोंडे लावले. बायका चढल्या, हसत, एकमेकींना ढकलत, कुणी कुणाच्या मांडीवर. आत्माराम समोरच्या पडवीत खाटेवर होता, पायाला प्लास्टर. त्यानं एकदा बघितलं आणि मान फिरवली. मालन हातात झाडू घेऊन दारात उभी होती.

"दाबा," मी म्हणाले.

तांबडा. पिवळा नाही.

"सोडा. दाबा."

पिवळा नाही.

मी आणखी दोघींना चढवलं. पुढं दोघी बसवल्या. "दाबा." पिवळा नाही. पाटलाची सून म्हणाली, "काकी, अजून बसायचं का?" सगळ्या गावासमोर, त्यातही आत्मारामच्या दारात, मी ह्यांना आणून उभं केलं होतं, आणि दिवा लागत नव्हता.

हे खाली उतरले. मला अगदी हळू म्हणाले, "चल घरी. मला आता ह्यापरीस जास्त लाज नगं."

त्यावर मालन झाडू टाकून पडवीतनं खाली आली. किती दिवसांनी माझ्याशी बोलली. "हौसा, माझा नवरा तिथं मोडून पडलाय आणि तू त्याच्या दारात जत्रा भरवतीयास? काय लाज हाय का न्हाय?"

माझ्या डोक्यात एकदम आलं. पोतं. मागच्या फळीवर उभं केलेलं पोतं. जीपचा मागचा पत्रा गंजून गेला होता तिथं दिवाळीच्या सुमारास ह्यांनी एक आडवी लाकडी फळी बसवून घेतली होती, जास्तीच्या माणसांसाठी. आत्ता तिच्यावर कुणीच बसलं नव्हतं, कारण फळी अरुंद, पाय बाहेर लोंबतात.

"मालन," मी म्हणाले, "ह्या फळीवर एकदा बस."

"मी? ह्या गाडीत? मेले तरी बसायची न्हाय."

"एकदाच बस. दिवा न्हाय लागला तर सगळ्या गावासमोर मी म्हणते, ह्यांनीच साईड दिली, आणि ह्यांनीच तुझ्या नवऱ्याचा पाय मोडला. मी म्हणते. मग आयुष्यभर मला काय पाहिजे ते बोल."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर मला पुढं बोलता आलं नसतं.

मालन चांगली दांडगी बाई. तिनं पदर खोचला, माझ्याकडं रागानं बघत फळीवर बसली. फळी कुरकुरली, जरा खाली वाकली. हे मुकाट्यानं आत गेले, बसले.

"दाबा," मी म्हणाले.

मी दिव्याकडं बघायच्या आत पडवीतनं आवाज आला.

"लागला."

आत्माराम खाटेवर उठून बसला होता.

"हिंदू, पाय काढ," तो म्हणाला. "गेला. दाब परत. लागला. काढ. गेला." त्यानं भिंतीला धरलं, चांगल्या पायावर उभा राहिला, कुबड्या घेतल्या आणि पायरीपर्यंत आला. "हिंदू, हात दाव. दोनी हात भायेर काढ."

जीपला दारं नव्हतीच, नुसतं कापडी छत. ह्यांनी दोन्ही हात बाजूला बाहेर काढले आणि वर धरले.

"आता दाब."

उजवा दिवा लागला. चांगला झगझगीत. हात वर, आणि दिवा लागला. घाट उतरताना दाबतात-सोडतात तसा ह्यांनी पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला, आणि मागं दिवा बरोबर तसाच लुकलुकला, कुणी साईड द्यावी तसा.

हे हात खाली घ्यायलाच विसरले होते. आत्माराम कुबड्या टेकत टेकत जीपच्या बाजूला आला.

"म्या खोटं न्हाय बोललो, हिंदू," तो म्हणाला.

"न्हाय बोललास."

"तू बी न्हाय."

"न्हाय रं आत्म्या," हे म्हणाले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. आत्मारामनं एका कुबडीवर तोल सांभाळत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मालन फळीवर बसल्या बसल्या रडत होती आणि रडता रडता मला शिव्या देत होती, आधी का न्हाय आलीस म्हणून. मी चाकाशेजारी भुईवरच बसले. इतकं हलकं मला लेकराच्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

मग हे एकदम उठले. "कुणी उतरायचं न्हाय," म्हणाले. "मालन वैनी, तुमी तर हलू बी नगा. कुटं लागतंय ते बघतो."

हे गाडीखाली शिरले. मीही वाकले. वर बायकांचे पाय लोंबत होते, आणि फळीच्या खाली लाकडाला धरून तारांचा जुडगा मागच्या दिव्यांकडं गेला होता. ह्यांनी बोटानं चाचपत चाचपत नेलं आणि एका जागी थांबले. फळी बसवायला जे स्क्रू मारले होते, त्यातला एक गरजेपेक्षा लांब होता. त्याचं टोक फळीतनं खाली येऊन बरोबर दोन तारांच्या मधी घुसलेलं, एक ब्रेकची, एक उजव्या इंडिकेटरची. फळीवर वजन आलं की टोक खाली दाबायचं आणि दोन्ही तारा जोडायचं. वजन गेलं की सुटायचं. टोक घासून घासून चकाकत होतं.

मी तोंड उघडलं. ती फळी कुणी बसवली होती? आमच्या जीपला लाकूडकाम करणारा गावात एकच माणूस होता.

"काय सापडलं का रं?" आत्माराम वरनं विचारत होता. "काय हाय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. मग गाडीखालनं मोठ्यानं म्हणाले, "काय न्हाय रं. तारा जुन्या झाल्यात. एकमेकीला घासल्यात. पक्कड आणि चिकटपट्टी दे की तुजी."

"कशाला पक्कड?"

"तार वढून घ्यायला."

एका पोरानं पडवीतनं आत्मारामची पिशवी आणली, आणि तिच्यातली पक्कड-पट्टी मालननं वरनंच माझ्या हातात दिली. ह्यांनी स्क्रूचं टोक पक्कडीत धरून लाकडाच्या बरोबरीनं तोडलं, तारांना पट्टी गुंडाळली, जुडगा दुसऱ्या बाजूनं बांधला. तुटलेलं टोक खिशात टाकलं.

"सांगायचं न्हाय?" मी पुटपुटले.

"कधीच न्हाय," हे म्हणाले. "आपल्या हातानं झालं हे कळल्यावर माणसाचं काय हुतं ते मी बघितलंय. त्याचा पाय मोडलाय, तेवढं बास झालं."

बाहेर येऊन ह्यांनी हात पुसले, ब्रेक दाबून बघितला. मी मागं उभी. तांबडे लागले, पिवळा नाही. मालनला फळीवर चार वेळा आदळून बसायला लावलं, तरी नाही.

"झालं. उतरा आता," हे बायकांना म्हणाले.

एकही उतरली नाही. पाटलाची सून म्हणाली, "बाजार हाय की आज, नाना. एवढं बसलोय तर न्या की."

"व्हय, न्या की," बाकीच्या म्हणाल्या, आणि कुणी तरी खालच्या वाडीच्या गाडीला एक सणसणीत नाव ठेवलं. आत्माराम म्हणाला, मला पुढं घ्या, प्लास्टर दाखवायची तारीख जवळ आलीय, आजच दाखवतो. त्याला पुढं बसवायला दोघी मागं सरकल्या. मी धोंडे काढले. मला बसायला जागाच उरली नाही.

दुपारी गिऱ्हाईक आलं तेव्हा जीप गावात नव्हती. त्याला मी चहा पाजला आणि लावून दिला.

आत्मारामचा पाय पुढं बरा झाला, थोडा लंगडायचा एवढंच. ती जीप आमच्याकडं पुढं बरीच वर्षं चालली. गावात कुणी पाहुणा आला की आत्माराम त्याला ही गोष्ट सांगायचा, हात वर कसे केले ते स्वतः हात वर करून दाखवायचा. आणि शेवटी म्हणायचा, "जुनी गाडी असली की तारांचं काय बी सांगता येत न्हाय बगा. तारा घासत्यात. माझी फळी मात्र अजून हाय तशी हाय, एक स्क्रू ढिला न्हाय झाला."

हे शेजारी बसलेले असायचे. "फळीला तोड न्हाय," म्हणायचे, आणि उजव्या हातानं तंबाखू मळून त्याला द्यायचे. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगितलं.